हव्वेच्या नाकातला श्वास

प्रिय यमीमा,

फोनवर तू माझं वाक्य पूर्ण होऊ देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. कागदावर तुला मध्येच 'पनिनाबाई, तास संपला' म्हणता येणार नाही. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

हैफाहून जेरुसलेमला परतेपर्यंत माझं डोकं ठणकत होतं. उशीला टेकून, जैतुनाच्या बिया बशीत टाकत तू मला सांगितलंस की मेल्यावर देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा आहे, सह्या झाल्या आहेत आणि मी थयथयाट करू नये. मी थयथयाट करत नाही. मी एवढंच म्हटलं की आपल्यात माणसाला धुतात, पांढरं नेसवतात, त्याच दिवशी मातीत ठेवतात. त्यावर तू माझाच ग्रंथ माझ्या अंगावर फेकलास. 'देवाने मातीचा माणूस घडवला, त्याच्या नाकात श्वास फुंकला आणि माणूस जिवंत जीव झाला. झाला, ताई. घागरीत पाणी ओततात तसा त्याच्यात आत्मा ओतला, असं कुठे लिहिलंय? श्वास गेला की उरते ती माती. माझी माती मी कोणालाही देईन.'

चीड येते ती याची, की उभी नोकरी मी मुलींना हेच शिकवत आले. आत्मा हा देहातला भाडेकरू नव्हे, हे वाक्य माझं आहे. तू माझ्या वर्गात कधी बसली नाहीस आणि माझंच वाक्य मला ऐकवतेस.

मी म्हटलं, उजेड देवाने नुसता बोलून केला, पण माणसासाठी हात मातीत घातले. ज्यासाठी हात मळवले ते असं वाटून टाकायचं नसतं. तर तू म्हणतेस, 'पुढचं वाच की. रानातली जनावरंही मातीतूनच घडवली. गाढवाला कुठे नेसवता तुम्ही पांढरं?' वर तो यहेज्केल संदेष्टा. त्याच्या दरीत सुक्या हाडांवर स्नायू चढले, मग मांस, मग कातडी आणि शेवटी श्वास आला. 'कॉलेजची पोरं तेच उलट्या क्रमाने करणार, ताई. बघायला ये, तुझा विषय आहे.' मी बशी उचलून मोरीवर गेले ती बशी धुवायला नव्हे. मला हसू आलं होतं, आणि ते तुला दाखवायचं नव्हतं.

लहानपणीही तू अशीच होतीस. सणांचे दिवस संपून सभास्थानात ग्रंथाचं वर्षभराचं वाचन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, की बाबा जेवणाच्या टेबलावर तो भाग वाचायचे. एका वर्षी तू तोंडात घास ठेवून विचारलंस, 'आदामाच्या नाकात श्वास फुंकला. हव्वेच्या कुठे फुंकला? तिला त्याच्या कुशीतल्या बरगडीतून काढलं, एवढंच आहे. मग तिला आत्मा नाही का?' बाबा म्हणाले, 'पनिनाला विचार, ती शहाणी आहे.' मी म्हटलं, गप जेव. पुढे कॉलेजात मी त्यावर सगळी भाष्यं धुंडाळली. एकही पटलं नाही.

परवा अंत्यविधी मंडळाच्या खोलीत फ्रेहाला तुझ्याबद्दल सांगितलं. मृतांना धुण्याचं काम आम्ही दोघी इतकी वर्षं बरोबर करतो, तिच्यापासून काय लपवायचं. विचारलं, कॉलेजची गाडी यायच्या आधी आपल्याला धुता येईल का. ती म्हणाली, 'धुऊ की. रस्ता लांबचा आहे, पण इथे आणून धुऊ. तू मात्र बाहेर बसायचं. सख्ख्या माणसाने आत यायचं नाही, हे माझ्या बहिणीच्या वेळी तूच मला सांगितलंस. तेव्हा मी बसले होते ती खुर्ची अजून आहे दारापाशी. डगमगते, जपून बस.' नियम बरोबर आहे. आणि तू तर साफ सांगितलंस की अनोळखी बायकांचा हात तुला चालणार नाही. म्हणजे फ्रेहा नको, मी चालायची नाही, आणि कबर कधी मिळेल ते कॉलेजच्या मर्जीवर. यात मी कुठे उभी राहू, हे कोणी सांगेल का?

हव्वेचं मात्र बसमध्ये सुचलं. तिच्या नाकात फुंकावं लागलं नाही, कारण तिला मातीतून घेतलंच नाही. आधीच श्वास घेत असलेल्या कुशीतून घेतलं. श्वास तिच्याबरोबरच आला. एवढं साधं होतं. तू हसशील. बाबा हसले नसते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डॉक्टर काय म्हणाले ते तू मला सांगितलं नाहीस, पण तुझी काडी झालेली मनगटं मी पाहिली आहेत. शनिवारचा शाब्बाथ झाला की रविवारी पहिल्या बसने येते. ग्रंथ आणणार नाही, वादही घालणार नाही. तुला न्हाऊ घालू दे. नियम मेलेल्यांसाठी आहे, जिवंत बहिणीला न्हाऊ घालू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. हे मात्र मी शोधून पाहिलं. पाणी गरम असेल. आम्ही करतो तसं आधी डोकं, मग उजवी बाजू, मग डावी, आणि जेवढं उघडायचं तेवढंच उघडून. शेवटी आम्ही नाव घेऊन क्षमा मागतो, हातून काही चुकलं असेल तर. इतक्या जणींची मागितली, कोणी कधी उत्तर दिलं नाही. तू देशील. काहीतरी लागेल असंच बोलशील, माहीत आहे मला. ते मला ऐकायचं आहे. त्यानंतर तुझी माती तू म्हणशील त्याला दे, मी अडवणार नाही.

हो म्हणायला फोन कर. नाही म्हणायचं असेल तर करू नकोस, मी येतेच आहे.

तुझीच, आणि अजून रागावलेली,
पनिना