हातातली मरळ

प्रिय तेजश्री,

गाडीतनं सगळ्यात आधी उतरली ती तुझी होणारी सासू, सिंधूबाई. मागनं तुझा नवरदेव सत्यजीत, पेढ्याचा पुडा घेऊन. केडगावहून आली, ना फोन ना निरोप. रविवार, तुझे आईबाप शिरूरला लग्नाला गेलेले, घराला कुलूप. शेजारच्या मालनबाईला कुठला धीर? तिनं लगेच तळ्याकडं बोट दाखवलं, म्हातारी तिकडं गळ टाकून बसलीय म्हणून. महिनाभर तिच्याशी बोलणार न्हाई मी. विरजणापुरतं बोलीन.

पण खरा राग तुझ्यावर हाय. फोन करावा, तर तू "आजी, शिफ्टवर हाय" म्हणून मधीच कापतेस. कागद कापता येत न्हाई. चौथी शिकलेय, तुला झापायला तेवढं पुरतं.

मी बांधावर बसलेली, पदर खोचून, डब्यात गांडुळं. जिनं तीन वर्षं मला झुलवलं, पाच गळ तोडले, ती मरळ नेमकी तवाच लागली. हातभर लांब, काळीशार, अंगात रेड्याचा जोर. काठावर ओढून धरली दोन्ही हातांनी आन् अंगावर सावली पडली. बघते तर सिंधूबाई. म्हणाल्या, "अवं आजी, तेजश्री तर सांगत होती तुम्ही माळकरी. घरात अंडंसुद्धा चालत न्हाई म्हणं!"

माळकरी! मी! गं बये, तुला पहिली चिलापी धरायला कुणी शिकवली? फ्रॉकच्या खिशात कणकेच्या गोळ्या भरून शाळा बुडवायचीस, तवा तुझ्या बापाच्या शिव्या कुणी खाल्ल्या? आन् लग्न ठरताना मला न विचारता माझ्या गळ्यात माळ घालून मोकळी झालीस. लाज वाटली व्हय माझी?

तरी तू खोटी पडू नयेस म्हणून मी बोलून गेले, "मी खात न्हाई हो. नुसती धरते आन् सोडते. तेवढंच पुण्य." आन् सोडली गं! तीन वर्षांची मरळ, माझ्या हातानं! जाताना शेपटीनं तोंडावर पाणी मारून गेली. पेढे भिजले ते वेगळंच.

सिंधूबाई "आई गं" करत मटकन खालीच बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. तर म्हणतात, "एवढी मरळ सोडतं का कुणी! माझं माहेर दौंडचं, नदीकाठचं. तुमच्या नातीपायी चार महिने झाले, ती घरी येणार म्हटलं की सुकटाचा डबा माळ्यावर चढवते मी!" मग निघालं सगळं. तू पहिल्यांदा गेलीस तो सोमवार. त्यांचा उपास. साबुदाण्याची ताटली बघून तू त्यांना बारा महिन्यांच्या सोवळ्या समजलीस आन् ठोकून दिलंस. पोरीला वास सहन व्हायचा न्हाई म्हणून त्या बिचाऱ्या गप. सत्यजीत तर म्हणाला, कंपनीच्या कॅन्टीनमधी तुझ्यासमोर वाटाणा खाऊन त्याचं पोट बिघडलंय.

हसून हसून माझा श्वास लागला. मग बाईंनी पदर खोचला, काठी मागितली. गांडूळ असं लावतात की बघत राहावं. दुपारपर्यंत सहा चिलाप्या. चुलीवर कालवण केलं, सत्यजीतनं तीनदा भात घेतला. माणसं लाखाची मिळालीत तुला, तुझ्यापेक्षा बरी. पण हसत होते तेव्हाही आत खुपत होतं, की नातीनं मला लपवली.

सत्यजीत तुला तिथनंच फोन लावत होता. मीच हात धरला. म्हटलं, हे मी लिहिणार. लग्नाला धक्का न्हाई, त्याची काळजी करू नको. त्यांना सगळं कळलंय, तरी तू तुझ्या तोंडानं सांगायचंस, माझ्या शेजारी बांधावर बसून, की ही माझी आजी, हिनंच मला गळ धरायला शिकवलं. ते ऐकल्याबिगर मी हळदीला यायची न्हाई. तुझी लहानपणची काठी आढ्याला हाय, दोरा नवा लावलाय. मरळ तळ्यातच हाय. पत्र दूधगाडीवाल्या संपतबरोबर कारेगावच्या तुझ्या खोलीवर पाठवतेय. सुट्टी टाक. सिंधूबाई आन् सत्यजीत बुधवारी परत यायचीत.

रागावलेली, पण तुझीच,
सरूआजी