बेस ड्रम आणि पिनाचा बोकड

१४ मे, रविवार

बेस ड्रम खुराड्यातून बाहेर काढला. आत कोंबडी अंड्यावर. हाकलली तर हाताला चोच मारली. पिनाच्या आईने आतून विचारलं, कुणावर ओरडताय? म्हटलं, ओरडत नाहीये, समजावतोय.

निर्णय पक्का. १ जुलैला पिनाच्या सेंड-ऑफला, म्हणजे लग्नाआधी माहेरी होणाऱ्या निरोपाच्या समारंभाला, मी ड्रम वाजवणार. एकुलती एक मुलगी, मोशीत नोकरी करते, आता लग्न होऊन तिथलीच होणार आणि तिने बापाला वाजवताना एकदाही ऐकलेलं नाही. दोरखंडाचा कारखाना बंद पडला, त्याच्याबरोबर कारखान्याचा बँड, आमचा कांबा जॅझ, तोही बसला, तेव्हा ती जन्मायची होती. थकलेल्या पगाराच्या बदल्यात हा सेट मी घरी आणला. मॅनेजरशी भांडण वगैरे काही झालं नव्हतं. फक्त त्याचं टेबल उलटं झालं होतं.

पिनाची आई म्हणाली, तिने तुम्हाला जन्मभर ओरडतानाच ऐकलंय. टोमणा. दुर्लक्ष केलं. अख्ख्या टँगा शहरात माझ्याइतका शांत माणूस नाही.

१५ मे

पाहणी. लाल चमकीचा कागद सोललेला. सगळे स्क्रू गंजलेले. बेस ड्रमचं कातडं उंदरांनी खाल्लं. पेडलची स्प्रिंग नाही. मोठ्या झांजेला चीर. बाकी सेट उत्तम स्थितीत आहे.

खर्च फार करायचा नाही. डोकं वापरायचं.

२० मे, शनिवार

लग्न कमिटीची पहिली मीटिंग, मेहुणा क्लेमन्सच्या अंगणात. तो चेअरमन. आयुष्यात कशाचाही चेअरमन झाला नव्हता, आता भाचीच्या जिवावर झाला. खुर्च्यांची सबकमिटी, जेवणाची सबकमिटी, फुलांची सबकमिटी. मुलीचा बाप कुठल्याच कमिटीत नाही!

डीजेचं नाव निघालं. मी उभा राहिलो. मेहुणा म्हणाला, दाजी, बसा हो, तुमचा विषय पुढे आहे. पुढे म्हणजे कधी? पोर सासरी गेल्यावर? का मी मेल्यावर? उठून आलो. खुर्ची पायात आली म्हणून आडवी झाली, मी फेकली नाही. तसं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे.

संध्याकाळी निरोप आला की मला जबाबदारी दिली आहे. बोकड येईल तो सांभाळायचा. न्डाफूचाच असणार. माफी मागण्याची ही त्यांची पद्धत असावी.

पण काम मोठं आहे. न्डाफूशिवाय सेंड-ऑफ नाही. अख्खा बोकड भाजून, तोंडात हिरवा पाला देऊन, चाकाच्या टेबलावर बसवून नाचत आणायचा. नवरीने कापायचा, सासरच्यांना भरवायचा. आमचे व्याही ल्याटू, वयाचा मान म्हणून म्झी ल्याटू, मोशीकडच्या चागा जमातीचे. चागांना एखाद वेळी लग्नात नवरा नसला तरी चालेल, बोकड पाहिजे.

२७ मे

बोकड आला. काळा, कपाळावर पांढरा ठिपका, भरपूर मोठा. मेहुणा म्हणाला, ईदच्या आधीच घेऊन ठेवला, नंतर टँगात शोधून मिळायचा नाही. आपण ख्रिश्चन माणसं, ईदचा आपल्याशी संबंध काय? याला चेअरमन कुणी केलं!

बोकड हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या जोडझांजेच्या, स्टँडला बांधला. त्याने पेडलचा चामडी पट्टा खाल्ला. त्याला शांतपणे समजावलं. शेजारी कुंपणावरून बघायला आले.

३१ मे

मकामे वेल्डरकडे झांज नेली. म्हणाला, म्झी, ही वेल्ड होत नाही, चिरेच्या टोकाला भोक पाडा, चीर तिथेच थांबेल. त्याला विचारलं, तू ड्रमर आहेस का मी? वेल्डिंग कर. केलं. झांज वाकडी झाली आणि आता पातेल्यासारखी वाजते. वर म्हणतो, तुम्ही सांगितलं तेच केलं. सांगितलं तेच का केलं? स्वतःचं डोकं नाही? या शहरात कारागीर उरले नाहीत.

मकामेशी संबंध संपले.

पेडलला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली. छोट्या स्नेअर ड्रमखाली ब्रेकच्या तारा. दोन्ही झकास. बघा, डोकं वापरलं की होतं.

६ जून

प्लॅस्टिकचं कातडं दार एस सलामहून मागवायचं तर माझा कोट विकावा लागेल. बकऱ्याचं कातडं ताणायचं. आवाजही त्याचाच खरा.

शेजारी सैदी खाटीक. त्याच्याकडून कातडं आणलं, भिजवलं, ताणलं, तर मध्ये सुरीची दोन भोकं! दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर विचारलं, बकरा सोलतोस की भोसकतोस? सैदी म्हणाला, बाबा पिना, आम्ही मांस विकतो हो, ढोल नाही. मग मी काय बोललो ते आठवत नाही. सैदीला आठवतं म्हणे. यापुढे मला कातडं देणार नाही. गरज कुणाला आहे!

राग सोडण्याचा संकल्प करणार होतो. पण जे मुळात नाहीच ते सोडायचं कसं?

११ जून, रविवार

पिनाचा फोन. सगळं ठीक का विचारलं. मग म्हणाली, बाबा, एवढंच करा, त्या दिवशी कुणाशी भांडू नका. मी? भांडतो? तिला विचारलं, हे तुझ्या डोक्यात भरवलं कुणी, मामाने ना? नाव सांग! फोन कट झाला. मोशीत नेटवर्क फार वाईट.

ड्रमचं मुद्दाम काही सांगितलं नाही. त्या दिवशी कळेलच. एकदा ऐकलं की मग बापाबद्दल काय म्हणायचं ते म्हणू दे.

१७ जून

बोकडाकडे बराच वेळ बघितलं. कातडं एकदम निर्दोष.

विचार असा. त्याला मरायचंच आहे. न्डाफूला कातडं लागत नाही, ते फेकून देणार. कातडं सुकायला आठ-दहा दिवस हवेत. म्हणजे बोकड आत्ता कापला आणि मांस अख्खंच्या अख्खं फ्रीझरमध्ये ठेवलं तर कुणाचंच नुकसान नाही. कमिटीला विचारायची गरज नाही. कमिटीने मला विचारलं होतं?

१९ जून

बोकड कापला. सैदीशी बोलणं बंद, म्हणून बस स्टँडजवळचा दुसरा खाटीक आणला. एकही भोक नाही. सैदीने येऊन बघावं.

मांस किजाझीच्या बारमध्ये बिअरच्या फ्रीझरमध्ये. पाय बाहेर राहत होते, ते दुमडले. पिनाच्या आईला सांगितलं, बोकड चुलतभावाकडे मुहेझाला चरायला पाठवला. बरं म्हणाली. तेवढंच. एवढ्या वर्षांत न भांडता बरं म्हणाली, हा माझ्याच शांतपणाचा गुण.

दोरीवरच्या कातड्याकडे बघून म्हणाली, हा ठिपका ओळखीचा वाटतो. सगळे ठिपके सारखेच असतात.

२३ जून

राखेने केस काढले, कातडं कड्यावर ताणलं. हवा दमट, सुकत नाही. कोळशाची शेगडी खाली ठेवली. थोडी जवळ. काळजीचं कारण नाही.

२५ जून, रविवार

काल दुपारपासून वीज नाही.

२६ जून

वीज नाही. वीजमंडळाच्या ऑफिसात जाऊन शांतपणे बोललो. वॉचमनने हाताला धरून बाहेर आणलं.

२७ जून

किजाझीने निरोप पाठवला, तुमचं ते घेऊन जा, गिऱ्हाईक पळतंय. वास गल्लीच्या तोंडापर्यंत. रात्री विहिरीमागे खड्डा खणला आणि पुरलं. पिनाचा न्डाफू. हात धुतले, तरी वास जात नाही.

किजाझीवर ओरडलो, जनरेटर का नाही म्हणून. तो म्हणाला, म्झी, बोकड कुणाचा होता? हा काय प्रश्न झाला?

घाबरलो नाही. दुसरा बोकड आणायचा, झालं.

२८ जून

बोकड नाही. बाजारात दोऱ्या आहेत, खुंट्या आहेत, लेंड्या आहेत, बोकड नाही. दारादारात बांधलेले आहेत, पण सगळे उद्याच्या ईदचे. एकाला म्हटलं, तुझा दे, तू पुढच्या वर्षी कर. त्याच्या बायकोने झाडू उचलला. मुहेझाच्या चुलतभावाला फोन केला. उचलत नाही. आंब्याच्या झाडावरून आमचं जरा आहे. चूक त्याचीच.

पिना आज आली. गळ्यात पडली. बोकड कसा आहे, विचारलं. म्हटलं, आहे. मग उगीच ओरडलो, चपला दारात का काढल्यास म्हणून. चपला दारातच काढतात.

२९ जून, ईद

सगळ्या शहरात कातडी. कुंपणांवर कातडी, भिंतींवर कातडी, गटाराच्या कडेला ढीग. फुकट. पाहिजे तेवढी. सैदी आमच्या कुंपणाशी येऊन म्हणाला, ईद मुबारक बाबा पिना, झालं गेलं विसरा, कातडं हवंय का?

दार लावून घेतलं. रागाने नाही. रडू येत होतं.

१ जुलै, शनिवार, सकाळ

ठरलं. न्डाफूची वेळ आली की उभा राहून खरं सांगणार. मग दोष कुणाचा तेही सांगणार: वीजमंडळ, किजाझी, सैदी, मकामे, मेहुणा. भाषण तयार आहे. व्याही लग्न मोडून निघाले तर त्यांच्याशीही बोलेन. माझ्या पोरीला माझ्यामुळे... नाही, यांच्यामुळे.

ड्रम हॉलच्या कोपऱ्यात लावून आलो. कातडं खणखणीत.

रात्री

न्डाफू आला.

मी भाषणाला उठलो होतो आणि दार उघडलं. चाकाचं टेबल, वर भाजलेला बोकड, तोंडात पाला. पुढे मेहुणा नाचत. मला काही समजेना. पिनाच्या आईचा दंड धरला, हा कुठून आला? म्हणाली, क्लेमन्सने न्डाफूचा बोकड पहिल्यापासून स्वतःकडे बांधला होता. मग माझा? म्हणाली, तुमचा ड्रमसाठी होता. मी फोनवर सांगितलं तेव्हा पिनानेच मागवला. बाबा ड्रम काढतायत तर त्यांना कातडं लागेल, म्हणाली. वाजवणंही पहिल्या मीटिंगमध्येच ठरलं होतं. पाच मिनिटं बसला असतात तर कळलं असतं. मांस तरी कुणाच्या पोटात गेलं असतं.

म्हटलं, सांगितलं का नाही? तिने दंड सोडवून घेतला. डीजेने गाणं थांबवलं. माझं नाव पुकारलं, कांबा जॅझचे बार्नाबा सेंबोजा. सगळे वळले. पिना पहिल्या रांगेत, हात जोडून हनुवटीखाली धरलेले.

बसलो. पायाखाली पेडल. एक, दोन, तीन, चार. आवाज तोच होता. देवाशपथ, तोच होता. पाचव्याला पेडलचा दांडा कातडं फाडून आत गेला. शेगडीने कातडं करपलं होतं.

 छातीत सगळं भाषण वर आलं. उठलो, तोंड उघडलं, तेवढ्यात पिना पुढे आली आणि बोकडाचा पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला. व्याह्यांच्या आधी. तोंड भरलेलं असताना ओरडता येत नाही. चावत राहिलो. म्झी ल्याटू टाळ्या वाजवायला लागला, मग सगळे.

२ जुलै, रविवार

सकाळी पिना सासरच्यांबरोबर मोशीला गेली. दुपारी बसमधून फोन. विचारलं, बोकडाचं मला आधी सांगितलं का नाहीस? म्हणाली, बाबा, तुम्हाला काही सांगायचं तर आधी ओरडून घ्यावं लागतं तुमचं. म्हटलं, मी कधी ओरडतो! शेजारून सैदी कुंपणावर डोकावला.

ती हसली. मग म्हणाली, बाबा, ते चार ठोके फार छान होते. आणि या वेळी नेटवर्क खरंच गेलं.

कुंपणावर एक कातडं टांगलेलं आहे. भोक नाही. सैदीचंच असणार. त्याच्याकडे जायला हवं. काय बोलायचं ते ठरवायला बसलो होतो, पण सुचेना.

मघाशी कोंबडी फाटक्या बाजूने ड्रममध्ये शिरली आणि जुन्या जागी बसली. हाकलली नाही.