सरकार पडलं तर ट्रॉम्बोन

३ मार्च, सकाळी
जाग आली ती डस्टरच्या आवाजाने. शाळा सुटून साठ वर्षं झाली, आवाज मात्र ताजा. आम्ही पोरं एका सुरात कविता म्हणायचो, गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ताल धरायचे. संगीताचा संस्कार तो तिथला.
संकल्प: देशाची सिम्फनी लिहिणे. राजकारण, अर्थकारण, सगळं ऑर्केस्ट्रात. नातीने टाकून दिलेल्या कीबोर्डमध्ये शंभर वाद्यं आहेत. भाववाढ म्हणजे व्हायोलिन, सतत चढतं. शेअर बाजार म्हणजे झांजा. सरकार पडलं तर ट्रॉम्बोन.

५ मार्च
ताईला फोनवर सांगितलं. म्हणाली, "ताल कसला रे? गप्प बसा म्हणून आपटायचे ते!" ताईला कवितेचं अंग कधीच नव्हतं.

९ मार्च
भाववाढ शार्दूलविक्रीडितात चपखल बसते. वाजवायला घेतली आणि काय आश्चर्य! खालून ठक-ठक. खालच्या मजल्यावरच्या बाई छताला काठी लावून ठेका देतात. लय जरा घाईची, पण जाण आहे. मी आवाज वाढवला. त्यांनीही वाढवला. जुगलबंदीच.

१४ मार्च
भाववाढ उतरली, असं पेपरात. एवढं चढवलेलं व्हायोलिन आता उतरवू कसं? भाजीवाल्याला विचारलं. म्हणाला, "कुठे उतरलीय, आजोबा?" हायसं वाटलं. रचना कायम.

२० मार्च
अविश्वास ठराव. सकाळपासून टीव्हीसमोर, बोट ट्रॉम्बोनवर. सरकार दोन मतांनी तरलं. माझा तिसरा भाग बुडाला. कलेची कदर नाही कुणाला.

२५ मार्च
रविवारी घरीच पहिला प्रयोग. ऑफिसच्या जुन्या मंडळींना फोन केले. हेडक्लार्क "बघतो" म्हणाले. म्हणजे येणारच. मुलाला मेसेज केला. उत्तरादाखल नुसता अंगठा आला. होकारच तो. तोवर तालीम बंद. बोटं ताजी हवीत.

३१ मार्च, रविवार
खुर्च्या मांडल्या. इस्त्रीचा सदरा घातला. पाचची वेळ दिली होती.
साडेपाच. ट्रॅफिक असेल.
साडेसहा. मुलाचा फोन. "बाबा, आज होतं का ते?" म्हटलं, नाही रे, सावकाश ये.
कीबोर्ड झाकून ठेवला.
सात. बेल वाजली. दारात खालच्या बाई, हातात काठी. म्हणाल्या, "आठवडाभर वर काही वाजलं नाही. म्हटलं, गेलात की काय!"
मी म्हटलं, आहे की. तुमच्या ठेक्यावाचूनच अडलं होतं.
"ठेका कसला, आजोबा? बंद करा म्हणून ठोकत होते मी!"
मग त्यांना खुर्च्या दिसल्या. कुणी येणारंय का, विचारलं. मी एक खुर्ची सरळ केली. त्या आत आल्या, पहिल्या रांगेत बसल्या.
"वाजवा. पण हळू."
कीबोर्ड उघडतोय. काठी अजून त्यांच्या हातातच आहे.