थोरली, धाकटी आणि पाणी

८ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या डेलच्या घराची किल्ली आता आमच्या खुंटीवर. तो काल हॉस्पिटलातून रिहॅबला, पुन्हा चालायला शिकवतात तिथं, गेला. बर्फावर घसरून खुबा मोडला, ऑपरेशन नीट झालं, तरी पाच आठवडे तिथंच. तोवर त्याच्या तळघरातली दोन झाडं मी बघायची. गांजाची. लिहून टाकलं एकदाचं. मिनेसोटात घरी लावायला आता कायद्याची आडकाठी नाही, मी आणि बायको नलिनी दोघंही सिटिझन, तरी हा शब्द लिहिताना मान वळवून मागे बघितलं. साताऱ्याचा माणूस सातारा सोडतो, सातारा त्याला सोडत नाही.

नाही म्हणणं शक्यच नव्हतं. अकरा वर्षं आम्ही भारतात गेलो की आमचा कढीपत्ता डेल सांभाळतो. एकदा आमचा घर तापवणारा फर्नेस बंद पडला, बाहेर उणे तीस, तर कुंडी ब्लँकेटात गुंडाळून आपल्या घरी घेऊन गेला होता. परत आलो तेव्हा दोन पानं जास्तच होती.

आणि ही झाडं साधी नाहीत. त्याची बायको कॅरल शेवटी आजारी होती तेव्हा तिनं पहिलं झाड लावलं. ती जाऊन दोन वर्षं झाली. डेल त्या झाडाची फांदी, मग त्या फांदीची फांदी लावत तेच झाड जगवतोय. बी धरलेलं नाही. ही दोन गेली की संपलं. हे त्यानं हॉस्पिटलात खिडकीकडे बघत सांगितलं, हवामान सांगावं तसं.

१० फेब्रु., मंगळ

डेलनं सूचना म्हणून एक कार्ड ठेवलंय. दिवा आपोआप लागतो-विझतो. खत निळ्या बाटलीतलं, जपून. पाणी: ती मागेल तेव्हा.

मागेल म्हणजे काय? किती मि.ली.? तीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, असली रिक्वायरमेंट मी शेरा मारून परत पाठवली असती.

नलिनी आधी जिन्यावरूनच बघणार होती. मग दोन पायऱ्या उतरली, मग चार. शेवटी पान हातात धरून म्हणाली, "अहो, ही तर थेट अंबाडी." मोठीला थोरली, लहानीला धाकटी म्हणायचं हेही तिनंच ठरवलं. एक्सेल केली: दर चौथ्या दिवशी एक लिटर. पाणी फक्त मी देणार, हे दोघांना मान्य.

१४ फेब्रु., शनि

थोरलीची पानं खाली वळलीत. देठापासून, छत्री मिटावी तशी. तहान असणार. वेळापत्रकाबाहेर अर्धा लिटर दिलं, एक्सेलमध्ये लाल रंगात नोंदवलं.

१७ फेब्रु., मंगळ

खालची पानं पिवळी. आता माणूस गाठायला हवा.

इथल्या मराठी मंडळात शेतीतलं खरं कळणारा एकच, नितीन. अकोल्याचा, बी.एस्सी. ॲग्री, पुढं एमसीए करून इकडे. पण तो व्हिसावर. इथल्या राज्यात चालत असलं तरी केंद्राच्या कायद्यात हे अजून गुन्ह्यातच जमा, आणि ग्रीन कार्ड देणार केंद्र.

फोन केला. म्हणाला, "काका, फोटो पाठवू नका. नाव घेऊ नका. माझी फाइल पेंडिंग आहे. तुम्ही टोमॅटो लावलेत असं समजतो मी."

"बरं. टोमॅटोची पानं पिवळी पडतायत."

"खालची का वरची?"

"खालची."

"मग नायट्रोजन. झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देते. थोडं खत द्या. थोडंच, काका."

गुणी मुलगा. फेब्रुवारीत मिनेसोटात तळघरात टोमॅटो कोण लावतं हे त्यानं विचारलं नाही.

१९ फेब्रु., गुरु

काल निळ्या बाटलीतलं दिलं. बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्मं. आता वाट बघणं.

२२ फेब्रु., रवि

पानांची टोकं करपली. सगळीकडे एकसारखी, कुणी उदबत्ती टेकवल्यासारखी. म्हणजे खत जास्त झालं. पण पिवळेपणा आहेच, उलट चढतोय. म्हणजे कमी पडतंय? एकाच वेळी अपचन आणि उपासमार. नितीन म्हणाला, पाण्याचा पीएच बघा, मुळं खत घेत नसतील. बघितला. ठीक आहे.

दुपारी डेलचा व्हिडिओ कॉल. वॉकर धरून कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन आला, तिथल्या नर्सची चेष्टा केली, आणि मग सहज आवाजात, "मुली कशा आहेत?" मी म्हटलं, छान. म्हणाला, फोटो पाठव ना एखादा.

मी पहिल्या दिवशी काढलेला पाठवला.

त्याचं उत्तर: दॅट्स माय गर्ल्स. त्यानंतर जेवण गेलं नाही. न.ला सांगितलं. तिनं काही बोलायच्या आधी पानात दोन चमचे भात वाढला, त्यावरून कळलं की तिलाही वाईट वाटलंय.

२४ फेब्रु., मंगळ

धाकटीलाही लागलं. पानांवर गंजाचे ठिपके. इंटरनेटवर सतरा झाडांचे सतरा फोटो, आपलं झाड सगळ्यांसारखं दिसतं. सकाळी मॅग्नेशियम कमी, दुपारी कॅल्शियम, चहाच्या वेळेला पोटॅश. परवा गुडघा दुखला तेव्हाही मी असंच वाचत गेलो आणि संध्याकाळपर्यंत तीन असाध्य रोग झाले होते.

२६ फेब्रु., गुरु

आज झाडं ठेवलेल्या कापडी तंबूची चेन उघडली तर तोंडावर चिलटं. कुंडीतल्या मातीतूनच निघतायत.

नितीनला सांगितलं. मग म्हणाला, "काका, पाणी किती देता हो?"

"चार दिवसांतून एकदा. एक्सेल आहे माझ्याकडे."

"एक्सेल राहू द्या. कुंडी उचलून पाहा."

उचलली. उचलेना. पाण्याची घागर जशी. शेवटचं अधिकृत पाणी सोमवारी दिलं होतं. खालची ताटली तुडुंब.

"चिलटं ओल्या मातीशिवाय राहत नाहीत," नितीन म्हणाला. "तुमचे टोमॅटो उपाशी नाहीत, बुडून राहिलेत. मुळांना हवाच नाही तर खत काय घेतील? पाण्यानंबी पान असंच खाली येते. तहानेचं पान लुळं असते, हे टणक असंल. कोण देते एवढं पाणी?"

कोण देतं, खरंच.

२७ फेब्रु., शुक्र

सकाळी साडेसातला डेलच्या तळघरात जाऊन बसलो. आठला वरचं दार वाजलं. स्नोबूट, ओले केस टॉवेलात बांधलेले, अंगावर माझा जुना पार्का कोट, हातात तांब्या. न.

मी: "हे काय?"

ती: "काय म्हणजे? आंघोळ झाली की आधी तुळस, मग ह्या दोघी. आंघोळीनंतर झाडाला पाणी घालायला आता परवानगी काढायची का?"

रोज. पहिल्या आठवड्यापासून. अंगणभर बर्फ तुडवत. मी आवाज चढवला. नोंद कुठाय, ठरलं काय होतं, वगैरे. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "आणि तुम्ही संध्याकाळी फेरी मारून येताना इकडे वळता ते काय करता?"

आता इथं लिहितो, कारण एक्सेलमध्ये लिहिलेलं नाही. मीही देत होतो. रोज नाही. पण बहुतेक रोज. छोटी बाटली. पानं अशी खाली घालून बसलेली बघवत नसत, जरासं दिलं की आपल्याला बरं वाटे. ते जरासं म्हणून नोंदवायचं नाही असं माझं मीच ठरवलेलं.

म्हणजे सकाळी ती, संध्याकाळी मी, शिवाय दर चौथ्या दिवशी सरकारी. दोघं पायरीवर बसलो. न. हसायला लागली, मग हसता हसता रडायला. म्हणाली, "कॅरल मला कढईतलं बेसन कसं हलवायचं ते विचारायला यायची हो. तिचं एक झाड आपल्याला सांभाळता येऊ नये?" तांब्या मी हातात घेतला आणि घरी आलो.

२८ फेब्रु., शनि

नितीन फोनवर, स्पीकर लावून. थोरली कुंडीतून काढली. मुळं तपकिरी, हात लावला की सुटून येतात, वास गटाराचा. बुंधा मऊ. "टोमॅटो गेला, काका," तो हळू म्हणाला.

धाकटीची निम्मी मुळं अजून पांढरी. कुजलेली कापली, पर्लाइटचे पांढरे दाणे घातलेली कोरडी माती, लहान कुंडी. आता कुंडी हलकी होईस्तोवर पाणी नाही. खत तर नाहीच.

थोरलीला कचऱ्यात टाकवेना. डेलच्या गॅरेजमध्ये कागदी पिशवीत ठेवली आहे.

३ मार्च, मंगळ

काही न करणं फार अवघड काम आहे. रोज एकदा दोघांनी मिळून जायचं, कुंडी उचलायची, खाली ठेवायची, परत यायचं. न.चा अंदाज माझ्यापेक्षा पक्का. हातात घेतली की सांगते, "अजून दोन दिवस." आयुष्यभर डबे उचलून साखर किती उरली ते ओळखत आलेली बाई.

काल डेलनं फोटो मागितला. म्हटलं, फोन चार्जिंगला आहे. ज्या फोनवरून बोलत होतो तोच.

१० मार्च, मंगळ

धाकटीच्या शेंड्याला नवीन पान. हिरवं, करपलेलं नाही, माझ्या करंगळीच्या नखाएवढं. न.नं लांबूनच बोटं मोडून दृष्ट काढली. नितीनला कळवलं, त्यानं टोमॅटोचं चित्र पाठवलं, सोबत दोन हात जोडलेले.

१४ मार्च, शनि

डेल घरी आला. जिना महिनाभर बंद, डॉक्टरांची ताकीद. म्हणजे तो तळघरात जाऊन बघणार नाही. मनात आलं ते लिहितो: क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. लगेच त्याचीही लाज वाटली.

धाकटीला वर आणून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. तांब्या, बाटली, थोरली, जुना फोटो. न. शेजारी उभी, पदर नव्हता म्हणून स्वेटरचं टोक पिळत.

डेलनं मातीत बोट घातलं. मग बुंधा पुसून बघितला. तळाशी तपकिरी डाग, मला दिसलाच नव्हता. म्हणाला, "वरून बरी आहे. पण ही काही एप्रिल बघायची नाही."

मग मला, "तू दिवसातून किती वेळा यायचास?"

"दोनदा. कधी तीनदा."

"कॅरल गेल्यापासून या घरात दिवसातून तीनदा कोणी आलेलं नाही," म्हणाला, आणि न.कडे कात्री मागितली.

१५ मार्च, रवि

तीन फांद्या निघाल्या. पेराच्या खाली तिरका छेद, मुळं फुटायची पावडर, ओलसर मातीच्या तीन गोळ्या, वर पारदर्शक झाकण. त्याला वाकता येत नाही, म्हणून तिन्ही आमच्याकडे, लाँड्रीच्या खोलीत. न. म्हणाली, "माझ्या घरात, हे." मग स्वतःच वॉशरवरचे कपडे उचलून जागा केली.

मुळं फुटली तर दहा-पंधरा दिवसांत. नाही तर नाही.

२१ मार्च, शनि

नितीन जेवायला येणार होता. दारात उभा राहून, "काका, टोमॅटो कुठं आहेत?" घरातच, म्हटल्यावर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. न.नं त्याला डबा भरून दिला, तो गाडीत बसून जेवला आणि काच खाली करून विचारलं, "शेंडा ताठ आहे ना पण?" मला भरून आलं या पोरासाठी.

फांद्यांतल्या एकीनं मान टाकली आज. दोन आहेत.

२५ मार्च, बुध

दहावा दिवस. सकाळी दुसरीही गेली. एक उभी आहे. ओढून बघितलं तर मूळ धरलंय का ते कळतं, पण मी हात लावत नाही आणि न.ला लावू देत नाही. तीही मला देत नाही.

डेल वॉकर घेऊन आला, घसरडं नाही बघून, पहिल्यांदाच एकटा. लाँड्रीच्या खोलीत त्याला खुर्ची दिली. मी विचारलं, हीही गेली तर? म्हणाला, "कॅरलनंतर हिनं दोन हिवाळे जास्त काढले. पुष्कळ झालं."

न. स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला नाही पुष्कळ वाटत." इंग्रजीत, त्याला ऐकू जाईल अशी.

पुष्कळ झालं म्हणणारा माणूस पाऊण तास झाला, त्या झाकणासमोरून उठलेला नाही. न.नं त्याच्यासाठीही कुकर लावलाय. वही मिटतो, आणि तिथं दुसरी खुर्ची नेतो.