मामा, दुर्बीण घेऊ का?

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तूर्त सहा अंगांनीच, उरलेली दोन भेटीअंती.)

इकडे सगळे ठीक. तुमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला आणि आता समोरच्या इमारतीवरची पाटी वाचता येते, असं ताईकडून कळलं. बरं वाटलं. खालची कवळी नीट बसते ना? ती मी स्वतः केलेली आहे, तेव्हा टोचत असेल तर मला खुशाल शिव्या घाला, पण कवळी खिशात ठेवू नका, तोंडात ठेवा. पत्राचं कारण असं, की आपल्या घरात स्टुलापेक्षा मोठी वस्तू तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी घेत नाही, आणि मला एक दुर्बीण घ्यावीशी वाटते आहे.

लगेच कपाळाला आठ्या घालू नका. लहानशीच आहे, पुढे भिंग, मागे डोळा लावायची नळी, खाली तीन पायांचा स्टँड. झालं असं, की आमच्या रस्त्यावरच्या चष्मेवाल्याची अक्कलदाढ मी काढली. दाढ अशी अडून बसली होती, की दोघेही घामाघूम झालो. निघाल्यावर त्याला माझ्याबद्दल इतकं प्रेम वाटलं (भूल पुरती उतरली नव्हती), की तो मला हाताला धरून दुकानात घेऊन गेला आणि कपाटावरची दुर्बीण काढून, चार दिवस घरी नेऊन बघा, म्हणाला. वर असंही म्हणाला, की खोक्यावरचं रंगीबेरंगी चित्र विसरा, यातून जे दिसेल ते करडं आणि थरथरणारं असेल. मामा, इतक्या वर्षांत मी एकाही पेशंटला इतक्या प्रामाणिकपणे 'दुखेल' असं सांगितलेलं नाही. मी तिथेच विरघळलो.

संध्याकाळी दवाखाना बंद करून दुर्बीण गच्चीवर नेली. बरोबर तुमची भाचेसून होती. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते हे तुम्हाला माहीत आहेच (तुम्ही तिच्या शेजारी बसून एकदा बाजारात गेला होतात आणि परत रिक्षाने आला होतात). आता या दुर्बिणीची एक खोड आहे. मान अवघडू नये म्हणून मागे एक छोटा आरसा बसवलेला असतो, त्यामुळे डावं ते उजवं आणि उजवं ते डावं दिसतं. मला हे जाणवलंसुद्धा नाही, कारण मी जन्मभर लोकांच्या दाढा आरशातच बघत आलो. तिचं मात्र उलट. तिने दुर्बीण डावीकडे सरकवली की चंद्र भलतीकडे पळायचा, आणि तो पळाला की ती सवयीने उजव्या पायाने गच्चीची फरशी दाबायची. फरशीला ब्रेक नसल्यामुळे चंद्र काही थांबला नाही. शेवटी तिने मला दुर्बिणीमागे बसवलं, स्वतःचे दोन्ही हात मागे घेतले आणि आता तूच चालव म्हणाली.

मग चंद्र सापडला. मामा, अंगावर काटा आला हो. इतका जवळ, इतका स्वच्छ, आणि सगळीकडे खड्डेच खड्डे. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "किती दिवस दुर्लक्ष केलंत?" यावर तुमची भाचेसून टाकीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. लेक नोकरीला लांब गेल्यापासून घरात असं हसू ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. डॉक्टर गच्चीवरून लोकांच्या खिडक्यांत बघतात अशी तक्रार होती म्हणे. मी दुर्बीण शनीकडे वळवली आणि म्हटलं, तुम्हीच डोळा लावा. त्यांनी एक डोळा मिटला, तोंड वाकडं केलं, आणि मी (सवय, दुसरं काय) म्हणालो, आता मोठा आ करा. त्या सज्जन माणसाने केला. शनीची कडी त्यांनी तोंड उघडं ठेवूनच पाहिली आणि गच्चीच्या दिव्यात मला त्यांची खालची दाढ दिसली. दुसऱ्या दिवशी ती भरून दिली. आता तक्रार मागे घेतली गेली आहे आणि सेक्रेटरी रोज वर येतात.

विरुद्ध बाजूही सांगायला हवी. शहराच्या उजेडात निम्मे तारे दिसतच नाहीत. ढग आले की गच्चीवर नुसतं उभं राहायचं. शिवाय व्यायामाची सायकलही मी अशाच उत्साहाने घेतली होती, तिच्यावर सध्या टॉवेल वाळतात. तेव्हा घ्यावी की चष्मेवाल्याला परत करावी, हे तुम्हीच ठरवा. उत्तर येईपर्यंत मी खोकं फेकत नाही.

बाकी लोभ आहे तितका पुरे, सल्ला तेवढा वाढवावा.

तुमचा भाचा,
दातवाला

ता. क. पूर्वी अशा पत्राला तुमचं पानभर "नको" यायचं. आम्ही वस्तू घ्यायचोच, आणि मग ती किती टाकाऊ आहे हे दाखवायला तुम्ही जातीने येऊन आठवडाभर राहायचा. फ्रिजचं दार तुम्ही रोज सकाळी उघडून बंद करून नापास करायचा. मामी गेल्यानंतर वॉशिंग मशीनचं विचारलं, तर "तुला योग्य वाटेल ते कर" एवढंच आलं. ताईच्या सोफ्यालाही तेच. मामा, परवानगी नका देऊ. ती आमच्याने वाचवत नाही.

आणखी एक ता. क. दुर्बीण मी केव्हाच घेतली आहे. तिचा एक पाय डुगडुगतो. चष्मेवाला बदलून देत होता, पण मी त्याला थांबवलं आहे. तो पाय वाईट आहे हे आधी तुम्ही येऊन सांगायचं, मग बदलू.