ताटावरचा टोमणा

मसाका

अत्यांगबाईंना नमस्कार,

माझी बहीण नाबुकेरा हिची कथा तुमच्या मासिकाने स्वीकारली. तिची ही पहिलीच. तुमची मेल आली तेव्हा तिला पुरून आठवडा झाला होता.

कथेतल्या मयताच्या प्रसंगात विनोद नको, म्हणून शेजारणीचं एक वाक्य काढावं, असं तुम्ही सुचवलंय. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून मी कथा तिला लुगांडा भाषेत सांगत होतो. त्या वाक्यापाशी आलो: “जावईबापू, मेलेला एकदाच गेला, तुम्ही ताटाला तिसऱ्यांदा आलात.”

दफनानंतर आई पहिल्यांदा हसली. म्हणाली, “अरे, हे तर आपल्या शेजारच्या नाम्बीचंच बोलणं. पोरीने सगळं ऐकून ठेवलं होतं. पुन्हा सांग.”

ती गेली हे कळवलं तर तुम्ही वाक्य ठेवाल, पण दयेपोटी. नाबुकेराला ते चाललं नसतं. म्हणून हे पत्र पाठवत नाही. तिच्याच नावाने वेगळ्या मेलमध्ये एवढंच लिहिलंय, की आमच्याकडे मयताच्या घरी माणसं अशीच बोलतात, वाक्य राहू द्या.

तुम्ही नाही म्हणालात, तर तिच्यासारखा वाद घालायला मला शिकावं लागेल.

आपला,
सेकित्तो