दुसऱ्या भागातली करडी गाडी

प्रिय दादा,

खेळ थांबवून ठेवलाय आणि तुझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहायला बसले आहे. टीव्हीवर एक बाई उभी आहे. तिनं एक प्रश्न विचारलाय आणि तो तुझ्याविषयी आहे. उत्तर द्यायच्या आधी तुझ्याशी बोलून घेते.

आपल्या खेळाचा दुसरा भाग आला, दादा! ज्याची तू इतकी वाट पाहिलीस, डायलिसिसच्या खुर्चीवर पडल्या पडल्या मोबाइलवर ज्याच्या बातम्या शोधायचास, तो. तू गेल्यावर दोन उन्हाळ्यांनी आला. शाळेला सुट्टी लागली म्हणून महागावहून माहेरी आलेय आणि पुसदच्या आपल्या घरात, तुझ्या खोलीत, कूलर लावून दुपारभर खेळतेय. आई दार उघडून बघते, पुन्हा लावून घेते.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील की शिलूला नावं ठेवण्यापलीकडे काही येत नाही. शहर केवढं मोठं केलंय! एका टोकाला कोळशाची वस्ती आहे. तिथल्या झाडांच्या पानांवर काळी धूळ बसलेली, दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत इतक्या मळलेल्या. राजूरला तू खाणीच्या ऑफिसात नोकरीला होतास तेव्हा तुझ्या शर्टांच्या कॉलरी अशाच व्हायच्या. पहिल्या पगारात तू हे खेळाचं यंत्र आणलंस आणि बाबा दोन दिवस बोलले नाहीत, आठवतं? त्या वस्तीत मी गाडी उभी करून नुसती बसून राहिले.

गाड्या आता खऱ्यासारख्या वळतात. लोक आपल्याला ओळखतात. ज्या दुकानात एकदा चोरी केली तिथला माणूस पुढच्या वेळी शटर ओढतो. हे मला फार आवडलं. पहिल्या भागात सगळे बिचारे सारखे विसरायचे.

आता दोष. पोलीस अजून मठ्ठच आहेत. कामं तीच ती, ह्याला इथे सोड, त्याची पेटी तिथे ने. बोट चालवणं म्हणजे शिक्षा आहे. आणि बायका! अर्ध्या नाचतात, उरलेल्या रडतात. इतके पैसे घालून खेळ बनवणाऱ्यांना एक धड बाई लिहिता येऊ नये?

पण हे किरकोळ. माझी खरी तक्रार दोन गोष्टींची होती. त्यासाठी मी नेटवर खेळाच्या पानावर रागानं दोनच तारे दिले आणि खाली चार ओळी खरडून आले. पहिली तक्रार, पहिला भाग आपण जिथवर खेळलो त्याची जपलेली जुनी फाइल हा खेळ नीट वाचत नाही. दुसरी, एक करडी गाडी कायम मागे असते. काही करत नाही, नुसती असते.

तुला आपली पद्धत आठवते ना? कंट्रोलर एकच. तू गाडी चालवायचास आणि मी बोलणं सांगायचे. इंग्रजी ओळ तू वाचेपर्यंत निघून जायची, म्हणून मी ती वाचून लगेच आपल्या बोलीत म्हणायचे. त्यामुळे त्या शहरातले सगळे गुंड आपल्या घरात वऱ्हाडी बोलले. नायकाचं नाव आपण भाऊ ठेवलं होतं, त्याच्या जोडीदाराचं सदू. एकट्यानं कुणी खेळायचं नाही, हा नियम तूच केला होतास.

पहिल्या भागाच्या शेवटी भाऊला पकडतात आणि विचारतात, सदू कुठे लपलाय? सांगितलं तर भाऊ सुटतो, सदू मरतो. गप्प राहिलं तर उलट. हे तू कुठेतरी आधीच वाचलं होतंस आणि आपलं ठरलं होतं की गप्प राहायचं. इतके दिवस ज्यानं साथ दिली त्याला पकडून द्यायचं? छे!

मग मी साखरपुड्याच्या खरेदीला गेले आणि परत आले तेव्हा तू म्हणालास की शेवट खेळून टाकला. मी नियम मोडल्याबद्दल भांडले. मग विचारलं, काय केलंस?

"गप राह्यलो," तू म्हणालास. "भाऊ मेला. सदू सुटला."

तुझ्या हाताला पट्टी होती. त्या दिवशी यवतमाळहून डायलिसिस करून एसटीनं आला होतास. मी आणखी भांडले नाही.

तर दुसरा भाग जुनी फाइल मागतो. भाऊ मेला असेल तर नवा माणूस मिळतो, जिवंत असेल तर तोच पुढे चालतो. मी तुझी फाइल दिली आणि समोर भाऊ उभा, थोडा पिकलेला, पण जिवंत. मला वाटलं, झालं, पहिल्याच पावलाला घोळ! तुझ्यावर शंका घ्यायचं मनातसुद्धा आलं नाही. खेळ चुकला असं मी जाहीर लिहून मोकळी झाले.

आणि करडी गाडी. पहिल्या दिवशी दोन वळणं मागे होती. आठवड्यानं एक वळण. मी थांबले की थांबायची. कोळशाच्या वस्तीत बसले होते तेव्हा ती रस्त्यापलीकडे उभी होती, काचेवर धूळ साचू देत. गोळ्या झाडल्या तर निघून जायची आणि पुढच्या चौकात पुन्हा दिसायची. मी दोष म्हणून लिहिलं खरं, पण हळूहळू मला या खोलीत पाठ दाराकडे करून बसवेना. खुर्ची भिंतीला लावून खेळायला लागले.

आज पूल ओलांडताना ती गाडी मला आडवी आली. दार उघडून एक बाई उतरली. नाचणारी नाही, रडणारी नाही. हातात पिस्तूल. तिनंच सांगितलं, ती सदूची बहीण आहे.

मी खेळ थांबवला आणि तुझ्या फाइलींची यादी उघडली. हे मी आधी का नाही केलं? शेवटच्या दुपारच्या दोन फाइली आहेत, दादा. पहिलीत भाऊ गप्प राहतो आणि मरतो. दुसरी तिच्यानंतर बारा मिनिटांची. तीत तो सदूचा पत्ता सांगतो.

म्हणजे तू खोटं बोलला नव्हतास. एकदा गप्प राहिला होतास. मग तू भाऊला त्या जमिनीवर पडलेलं पाहिलंस, आणि बारा मिनिटं काय केलंस रे? हाताची पट्टी धरून इथेच बसला होतास? आई स्वयंपाकघरात होती, तिला हाक मारावीशी वाटली? त्यानंतर तू खेळात मागे गेलास आणि बोललास.

तुला मरायचं नव्हतं. खेळातसुद्धा नव्हतं. आणि मी तुझ्याशी नियम मोडला म्हणून भांडले.

आता ती बाई विचारतेय, माझा भाऊ कुठे आहे ते तू का सांगितलंस? खाली तीन उत्तरं आहेत. पैशासाठी. मला मरायचं नव्हतं. आणि तिसरं, गप्प राहा. कोपऱ्यात लाल अक्षरांत सूचना आहे की उत्तर तिला पटलं नाही तर जुनी फाइल कायमची बंद होईल. तुझ्या हातानं चालवलेले सगळे रस्ते त्या फाइलीत आहेत. तुझं इतकं जिवंत दुसरं काही माझ्याकडे नाही. हा या भागाचा सगळ्यात मोठा गुण की सगळ्यात मोठा दोष, मला ठरवता येत नाहीये.

पण मी घाबरले ती फाइलीसाठी नाही. डॉक्टरांच्या खोलीतलं अजून लिहिलंच नाही मी.

आईला शुगर, बाबांचं हृदय कमजोर, म्हणून त्यांची किडनी तुला चालणार नव्हती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारलं होतं, बहिणीची किडनी तपासायची का? आई बाहेर पाण्याची बाटली भरायला गेली होती. महागावची सोयरीक जुळून आठ दिवस झाले होते. सासरचे काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिले. तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. मग डॉक्टरांना म्हणालास, नको साहेब, आणि उठलास.

बाहेर आई आली तेव्हा तिनं विचारायच्या आधीच तू बोललास.

"शिलूची नाही जुळत म्हने. तू कायले घोर करतं? होईल काही."

आई अजून पाहुण्यांना तेच सांगते, की पोरीची जुळली नाही. सांगताना माझ्या पाठीवरून हात फिरवते. मी दोन वर्षं त्या हाताखाली गप्प बसले आहे. खेळात तू पत्ता सांगितलास, दादा. घरात माझा नाही सांगितलास.

ती करडी गाडी मला दोष वाटली यात नवल काय!

आता ऐक. हे पत्र संपलं की मी दुसरं उत्तर देणार आहे. तिच्या भाषेत नाही, आपल्या बोलीत, मोठ्यानं, जसं तुला सांगायचे तसं. मले मराचं नव्हतं. तिनं गोळी घातली तर घालू दे. फाइल गेली तर जाऊ दे. तुझ्या नावावर मी पैशाचं उत्तर लिहिणार नाही आणि गप्प तर मुळीच राहणार नाही. माझी ती दोन ताऱ्यांची तक्रारही काढून टाकीन. खेळानं तुझी फाइल बरोबर वाचली होती.

त्यानंतर टीव्ही बंद करून मी स्वयंपाकघरात जाईन. आई तिथे तूर निवडत बसली आहे, सुपाचा आवाज येतोय. तिच्यासमोर बसेन आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवायच्या आधी सांगेन की माझी किडनी कधी तपासलीच नव्हती. हे वचन मी तुला देते. दार उघडंच ठेवलंय, म्हणजे मागे फिरायला निमित्त नको.

तू चालवलेल्या गाडीत शेजारी बसणारी,
शिलू